एल्फिन्स्टनची कमान दिसली, पाणी कुठे आहे?



परवा मुंबईत एका कचेरीत नंबर येण्याची वाट बघत बसलो होतो. भिंतीवर एल्फिन्स्टन कॉलेजचे एचिंग लावलेले. पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघाले तिथेच आम्ल धातू खाते, त्या खाचांत शाई भरून छापायचे. काम झकास होते, दगड न् दगड मोजून घ्या! खाली इमारतीचे साल १८८८ आणि वास्तुशिल्पी ट्रबशॉ याचे नाव. बस्स.

याच कॉलेजात सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर शिकले. कॉलेजचा हॉटेलवाला त्यांना चहा सोडाच, पाणीही देत नसे, हे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. पुढे सिडनहॅममध्ये ते प्राध्यापक झाले, तरी प्राध्यापकांच्या मडक्यातले पाणी त्यांनी पिण्यावर हरकत घेतली गेलीच.

कोणी म्हणेल, चित्रात जात कशाला आणता? अहो, ती इमारतीतच होती. ट्रबशॉचे नाव लिहायला जागा सापडते, मग बाबासाहेबांच्या एका ओळीला का नाही? दगड घडवणाऱ्या पाथरवटांची तर गोष्टच सोडा. २०१८ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आनंद आहे, इमारत टिकलीच पाहिजे. पण नुसती कमान म्हणजे वारसा नव्हे.

आणि थोडे आपल्यालाही बोलतो. १९४६ साली सुरू झालेले सिद्धार्थ कॉलेज, फोर्टातले त्याचे बुद्ध भवन आणि आनंद भवन. औरंगाबादचे मिलिंद, ज्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी बसवली. आपल्या किती घरांत यांचे चित्र आहे? बाबासाहेबांचा फोटो घरोघर आहे, त्यांनी उभ्या केलेल्या कॉलेजांचा नाही.

आसनगावहून कसारा लोकलने जाणारी, मुरबाडहून एसटीने कल्याण गाठणारी आपली पोरे चित्रकलाही शिकतात. त्यांना माझे सांगणे : एका रविवारी बुद्ध भवनासमोर वही घेऊन बसा. एचिंगला आम्ल आणि प्रेस लागते, ते परवडत नसेल तर लिनोवर कोरा. चमच्याच्या पाठीने घासूनही छाप निघतो. ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांशेजारी ते छाप मांडू, चहाच्या किमतीत देऊ. एल्फिन्स्टनही कोरा. मात्र खाली पाण्याची गोष्ट लिहायला विसरू नका.