परवाना विद्यापीठाचा, विद्या कोणाची?

अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान किंवा संख्याशास्त्राचा अभ्यास आज संगणकाशिवाय पुरा होत नाही. समीकरणे सोडविणे, आलेख काढणे, मॅट्रिक्सची आकडेमोड करणे यासाठी मॅटलॅबसारखे सॉफ्टवेअर लागते. प्रात्यक्षिकाला त्याचे गुणही असतात. पण ते मिळवायचे कसे, हे घराण्यातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला कोण सांगतो? ज्याचा मोठा भाऊ इंजिनिअर आहे, त्याला पहिल्या आठवड्यात कळते. आपल्या मुलाला शेवटच्या सेमिस्टरला कळते. हा फरक बुद्धीचा नाही, माहितीचा आहे.

मॅटलॅबचा जन्म विद्यापीठातच झाला. फोरट्रान भाषेत प्रोग्राम न लिहिता विद्यार्थ्यांना मॅट्रिक्सची गणिते करता यावीत म्हणून क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात ते तयार केले. १९८४ मध्ये मॅथवर्क्स कंपनी निघाली आणि ते बाजारात विक्रीला आले. आता विद्यापीठे त्याचा परवाना विकत घेतात. काही परवान्यांत एका वेळी ठरावीक जणांनाच ते वापरता येते. संख्या भरली की पुढच्याला संगणक नकार देतो. काही परवाने संपूर्ण संस्थेसाठी असतात. मग संस्थेच्या ई-मेलवर नोंदणी करून विद्यार्थी स्वतःच्या लॅपटॉपवरही ते घेऊ शकतो.

आपल्या विद्यापीठात यापैकी काय आहे? विचारा. कोणी सांगत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हाती आहे. दहा रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. परवाने किती, मुदत कधीपर्यंत, प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी, एवढे तीन प्रश्न पुरे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नाइलाजाने काही मुले पेनड्राइव्हवरची चोरीची प्रत वापरतात. त्यांना आम्ही कायदा सांगून ठेवतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण पन्नास हजारांपर्यंत दंड तरीही होऊ शकतो. हा धोका आपल्या मुलांनी का पत्करावा?

पत्करण्याची गरजही नाही. जीएनयू ऑक्टेव्ह हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मॅटलॅबचे बरेचसे साधे प्रोग्राम त्यात जसेच्या तसे चालतात. फ्रान्समध्ये तयार झालेले सायलॅब आहे, संख्याशास्त्रासाठी आर आहे. ऑक्टेव्हचा परवाना आम्ही वकिलाच्या नजरेने वाचला आहे. वापरा, प्रत काढा, बदल करा, दुसऱ्याला द्या, असा हक्कच तो देतो. पदवी संपली की विद्यापीठाचा परवाना हातातून जातो. हे हातात राहते. मात्र सिम्युलिंकसारखी मॅटलॅबची काही अंगे ऑक्टेव्हमध्ये नाहीत. म्हणून प्रयोगशाळेवरचा हक्कही सोडू नये.

पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि त्याचे मानधन दिले. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत. इंग्रजीची भीती हे कारण आता उरत नाही.

तेव्हा दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. अभ्यासक्रमात मॅटलॅब लिहिले असेल तिथे 'किंवा ऑक्टेव्ह, सायलॅब' असे लिहिले जावे. आणि प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी राहावी. समाजातील प्राध्यापकांनी हे अभ्यास मंडळात मांडावे. इंजिनिअर झालेल्या तरुणांनी रविवारचे दोन तास विहारातील अभ्यासिकेत द्यावेत. फी आपण पूर्ण भरतो, मग अर्ध्या शिक्षणावर समाधान का मानायचे?