उणे एक

ज्याच्या नावावर कधीच कर्ज नव्हतं त्याला सिबिलच्या वहीत खूण मिळाली ती उणे एक. शून्यसुद्धा नाही. कर्ज घेऊन बुडवणाऱ्याला निदान ३०० तरी असतात, वेळच्या वेळी फेडणारा ९०० कडे सरकतो. आणि ज्याच्या बापाला बँकेनं दारात उभं केलं नाही, तो उणे एक. दोस्तहो, गावकुसाबाहेर राहणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हे नवं गावकूस कॉम्प्युटरात बांधलंय एवढंच.

सिबिल निघाली २००० साली. कायदा आला २००५ साली. आज असल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपीरियन, क्रिफ हायमार्क. आपण हप्ता कधी भरला, कधी चुकवला याची खबर बँका त्यांना पुरवतात. आधी महिन्याला, १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला. खबर आपली, वही त्यांची, धंदाही त्यांचाच.

या धंद्याला लगाम घाला म्हटलं की पांढरपेशे अर्थपंडित लगेच हिशेब मांडतात. म्हणे नियम वाढले की खर्च वाढतो, तो व्याजात चढतो, आणि शेवटी गरिबालाच कर्ज मिळत नाही. गरिबाची एवढी काळजी यांना एरवी कधी वाटते?

पण हा मुद्दा शिवी देऊन उडवायचा नाही. १८७५ साली सुप्याला कुणब्यांनी सावकाराचे रोखे जाळले. १८७९ साली इंग्रजानं दख्खनचा शेतकरी कायदा आणला. सावकारानं पावती द्यावी, कोर्टानं रोख्याच्या मागं जाऊन मूळ हिशेब तपासावा, असं ठरलं. सावकार काय गप्प बसतोय? गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागला. म्हणजे नियमाला किंमत पडते हे खरंच. ती कुळानं भरली, कारण सावकाराशिवाय त्याला दुसरं दारच नव्हतं. दोष पावती मागण्यात नव्हता. पावती मागणाऱ्याला उभं राहायला दुसरी जागा ठेवली नाही, यात होता.

आता दुसऱ्या बाजूची किंमत मोजा. ती कुठल्याच पंडिताच्या तक्त्यात नसते. कर्ज फेडलं, पण बँकेनं नोंद पुसली नाही. दुसऱ्याच कुणाचं थकलेलं कर्ज नावसारखेपणामुळं आपल्या नावावर चढलं. मग रिक्षाचं कर्ज नाही, टपरीचं भांडवल नाही. माणूस जातो वस्तीतल्या सावकाराकडं, महिना दहा टक्क्यानं. ही किंमतसुद्धा समाजच भरतो. फक्त ती झोपडपट्टीत भरली जाते, म्हणून तिला 'सार्वजनिक खर्च' म्हणत नाहीत.

२००५ च्या कायद्यात चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त करा असं लिहिलं होतं. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्या, हे रिझर्व्ह बँकेला सुचलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, लागू झालं एप्रिल २०२४ मध्ये. इतकी वर्षं ही चूक फुकट होती. आणि आता तिची किंमत किती? १०० रुपये! नाक्यावरच्या मजुराची अर्ध्या दिवसाची मजुरीसुद्धा नाही. तीही मिळणार त्याला, ज्याला अर्ज करता येतो.

आणि हे प्रकरण कर्जापुरतं राहिलेलं नाही. कर्ज, क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असणारा उमेदवार चालणार नाही अशी अट घालून स्टेट बँकेनं एकाची नेमणूक रद्द केली. २०२५ साली मद्रास हायकोर्टानं बँकेचं म्हणणं उचलून धरलं. लोकांचा पैसा सांभाळणारा माणूस पैशाच्या बाबतीत शिस्तीचा हवा, हा त्यामागचा न्याय. वाचायला गोड वाटतं. पण शिकायला कर्ज काढलं, नोकरी नाही म्हणून ते थकलं, आणि थकलं म्हणून नोकरी नाही. या चरकातून आपल्या पोरानं बाहेर पडायचं कुठून?

आपल्यातले काहीजण म्हणतात, जाळून टाका असल्या वह्या. राग खरा आहे, पण ही वही सुप्याच्या वाड्यात नाही. आणि नोंदच नसली तर आपण पुन्हा उणे एक! २०१० साली आंध्रात मायक्रोफायनान्सच्या कर्जाखाली बायका पिचल्या, कारण एकीवर किती कंपन्यांची कर्जं आहेत हे कुठं नोंदलंच जात नव्हतं. आपल्याला नोंद हवी. पण नोंदीवर हुकूम आपला हवा.

म्हणून आपलं मागणं साधं आहे. तक्रार मराठीत, कागदावर, बँकेच्या शाखेतच घेतली पाहिजे. कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्या, कुठल्या कंपनीच्या नोंदीवरून ते सांगा. भरपाई अर्जाविना खात्यात जमा झाली पाहिजे. नोकरी देताना ही वही उघडायची नाही. कर्जाचा इतिहास नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. हे रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय, ते पाळून दाखवा. आणि या सगळ्याचा खर्च कंपन्यांच्या नफ्यातून काढा, आमच्या व्याजातून नाही.

आमची खबर विकून जे पोसले जातात त्यांना ती बरोबर ठेवायचा खर्च परवडत नसेल, तर त्यांनी खुशाल दुकान बंद करावं. १९६९ साली बँका सरकारी झाल्या त्या लोकांच्या नावानं. तेव्हा दुसरं दार उघडायची जबाबदारी त्यांची आहे. ते उघडेपर्यंत प्रत्येक वस्तीत पोरांनी बसून वर्षाचा फुकटचा अहवाल मागवायचा, ओळ न् ओळ तपासायची, आणि चूक सापडली की टोळक्यानं बँकेत जायचं. एकट्याला ते बाकावर बसवून ठेवतात. पन्नासजणांना बसवायला त्यांच्याकडं बाकं नाहीत.