‘पिशवी काढली’ म्हणजे रजोनिवृत्ती नव्हे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा फरक का महत्त्वाचा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या गावात चाळिशीतल्या बाईला ‘पाळी कधी बंद झाली?’ असं विचारलं, तर अनेकदा उत्तर येतं, ‘पिशवी काढली तेव्हाच.’ घरात हे उत्तर पुरतं. स्तनाच्या कॅन्सरच्या ओपीडीत मात्र ते अर्धवट ठरतं, आणि तिथे त्यावर औषध ठरतं.

गर्भपिशवी काढली की रक्तस्राव थांबतो. पण इस्ट्रोजेन तयार होतं अंडाशयात. ते ठेवले असतील, तर पाळी नसली तरी इस्ट्रोजेन सुरूच असू शकतं. म्हणजे ती बाई अजून रजोनिवृत्त झालेलीच नसेल.

आता जीन्सचं. रजोनिवृत्तीने जीन्स बदलत नाहीत, त्यांचं काम कमी-जास्त होतं. स्तनाच्या बऱ्याच गाठींतल्या पेशींत इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन चिकटलं की रिसेप्टर डीएनएवर जाऊन बसतो आणि पेशी वाढवणारे जीन्स चालू करतो. विहिरीवरची मोटर तीच, लाइट आली की चालते, तसंच. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाचा पुरवठा आटतो, पण चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. गंमत म्हणजे या वयातल्या गाठींत रिसेप्टर बनवणारा जीन सहसा जास्त सक्रिय असतो. पुरवठा कमी, पकडणारे हात जास्त.

लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या हेच एन्झाइम रोखतात. अंडाशय चालू असतील तर त्या एकट्या पुरत नाहीत. इस्ट्रोजेन घटल्याचा निरोप मेंदूला जातो आणि तो अंडाशयाला उलट जास्त कामाला लावतो. अशा वेळी टॅमॉक्सिफेन देतात, किंवा अंडाशय थांबवणारी इंजेक्शनं जोडतात.

पिशवी काढलेल्या बायका काही थोड्याथोडक्या नाहीत. मराठवाड्यात बीडच्या ऊसतोड महिलांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, सरकारने समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. चर्चा झाली ती नफेखोरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण अंडाशय ठेवले की काढले, हे त्यांच्यापैकी किती जणींना कुणी समजावून सांगितलं असेल? डिस्चार्ज कार्डवर ही एक ओळ स्पष्ट मराठीत न लिहिणं हा माझ्या मते निष्काळजीपणाच आहे.

आपल्याकडचे पेशंट अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठतात. जाताना गाठीच्या रिपोर्टसोबत दहा वर्षांपूर्वीचं ते पिशवीचं कार्डही पेटीतून काढून न्या. हरवलं असेल तर तसं सांगा. सोनोग्राफी आणि हार्मोनच्या रक्ततपासणीतून बराच अंदाज येतो. केमोमुळे पाळी थांबली असेल तर तेही सांगा, ती परत येऊ शकते.

आणि आशाताई सर्व्हेला आल्या की ‘पिशवी काढली का?’ यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘अंडाशय ठेवलेत का?’