कुपनांचा हिशेब

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशन आले. प्रौढ माणसास पहिल्या वर्षी ६६ कुपने. पुरुषाचा कोट, जाकीट व विजार मिळून २६ कुपने जात, लोकरी झग्याला ११. पैसे मोजावे लागत ते वेगळेच! १९४९ पर्यंत चाललेला हा हिशेब आज स्वेच्छेने स्वतःवर लादून घेऊन काही मंडळी वर्षभराची खरेदी आवरतात. हे स्तुत्यच आहे.

परंतु कुपन किंमत पाहत नसे. विरविरीत कोटाला आणि टिकाऊ कोटाला कुपने सारखीच. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा, त्याचेच कुपन पुरवठ्यास येई आणि गरिबाच्या वाट्याला ठिगळ. आहे त्यातच भागवा व दुरुस्त करा, असे सांगणारी पुस्तिका सरकारने १९४३ मध्ये काढली खरी. मात्र त्याआधीच ‘युटिलिटी’ कपड्यांचा दर्जा आणि किंमत बांधून देण्याची जबाबदारीही त्याच सरकारने पत्करली होती. नेमके हेच आज विसरले जाते. रफू करावयाचे तर टाका धरून ठेवणारे कापड हवे. चार धुण्यांत विरणाऱ्या सदऱ्यापुढे सुई काय करणार? खरेदीवर संयम ठेवणाऱ्यांनी कापडाच्या किमान दर्जाचे बंधन उत्पादकांवर घालण्याची मागणीही तितक्याच निष्ठेने करावयास हवी.