‘तूच काहीतरी केलं असशील!’

या अंकाचं संपादकीय चार्ज न होणाऱ्या मोबाईलवर लिहायचं असं ठरलं, तेव्हा संपादक मंडळातल्या दोघीजणी हसल्या. ‘आता आपण दुरुस्तीचं दुकान काढायचं का?’ असंही एकीने विचारलं. पण सल्ला केंद्राच्या नोंदवहीची पानं उलटायला लागलो आणि हसू मावळलं. ‘फोन बंद होता म्हणून कळवता आलं नाही.’ ‘चार्जर सासऱ्यांच्या खोलीत असतो.’ ‘बिघडला, आता दुसरा मिळणार नाही म्हणाले.’ वेगवेगळ्या वस्त्यांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या बायकांच्या तोंडून ही वाक्यं इतक्या वेळा आली आहेत, की त्यांना किरकोळ म्हणून बाजूला सारणं बरं नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाईल आपल्याकडे असल्याचं सांगितलं. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न आहेच. पण ज्यांच्याकडे आहे त्यांचा फोन तरी कसा असतो? नवऱ्याने किंवा मुलाने नवा घेतला, की जुना बाईकडे येतो. बॅटरी थकलेली, केबल मानेशी मोडून चिकटपट्टीने सांधलेली. तो फोन एक दिवस चार्ज व्हायचा थांबला, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तूच काहीतरी केलं असशील!’ मिक्सर जळला तरी हेच, गिझर बिघडला तरी हेच. बाईलाही ते हळूहळू खरं वाटायला लागतं. मग ती फोन बंद करून कपाटात ठेवून देते.

आज फोन बंद म्हणजे काय काय बंद होतं पाहा. बँकेचा निरोप बंद. रेशनचा, गॅसचा, शाळेचा निरोप बंद. २०२५ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीसाठी बायकांची किती धावपळ झाली, ते आपण पाहिलंच. त्यातही नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी मागणाऱ्या त्या रकान्याबद्दल बोलायचं तर स्वतंत्र लेख लागेल. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये संकटकाळी वापरायचं बटण असावं असा नियम झाला. ११२ आहे, स्त्रियांसाठी १८१ आहे. पण या सगळ्याला आधी बॅटरीत थोडा जीव हवा.

फोन सरकारी असला तरी सुटका नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी मोबाईल वापसी आंदोलन करून शासनाने दिलेले फोन परत केले, ते आठवत असेल. फोन तापतात, अडकतात, नवं ॲप त्यात चालत नाही आणि दुरुस्तीचा खर्च मात्र आमच्या मानधनातून, ही त्यांची तक्रार होती. शहरातल्या काही शहाण्यांनी तेव्हा ‘या बायकांना तंत्रज्ञान नको आहे’ असा अर्थ काढला. यंत्र निकृष्ट द्यायचं आणि दोष वापरणारीच्या हाताला लावायचा, ही घरातलीच रीत सरकारी पातळीवर गेली, एवढंच.

तर आधी हा हातावरचा दोष पुसू या. फोन चार्ज होत नसेल तर कारण बहुतेक वेळा फोनच्या बाहेरच असतं. तपासायची रीत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी भिंतीवरचं सॉकेट. त्यात दुसरं काही लावून पाहा, दिवा किंवा शेजारणीचा चार्जर. भाड्याच्या खोलीत आणि सभागृहातल्या एक्स्टेन्शन बोर्डवर सॉकेटची भोकं सैल झालेली असतात, प्लग लागल्यासारखा दिसतो पण टेकत नाही. सॉकेट ठीक असेल तर केबल बदला. सर्वात आधी मरते ती केबल, आणि तीही दोन्ही टोकांना जिथे वाकते तिथे. वरून धड दिसते, आतली तार तुटलेली असते. ‘असा तिरका धरला की चार्ज होतो’ असं आपण म्हणतो तेव्हा केबल गेली, नाहीतर फोनचं भोक सैल झालं, असं समजावं. केबल बदलूनही काही होत नसेल तर चार्जरचा ठोकळा बदलून पाहा. आपला ठोकळा आणि केबल दुसऱ्या चांगल्या फोनला लावून पाहिली, की दोष इकडे की तिकडे ते कळतं.

हे सगळं झालं की फोनचं भोक. उजेडात धरून किंवा दुसऱ्या फोनच्या बॅटरीच्या झोतात आत पाहा. पुष्कळदा तळाशी राखाडी लोकरीसारखा थर दाबून बसलेला दिसतो. केबल रोज आत जाते आणि तो थर आणखी घट्ट करते, शेवटी पिन पूर्ण आत टेकतच नाही. इथे जरा थांबून एक विचारावंसं वाटतं. बाईच्या कपड्याला खिसा का नाही? पुरुषाचा फोन शर्टाच्या खिशात बसतो. आपला जातो पर्समध्ये, जिथे सुट्टे पैसे, बडीशेप, पावडर, मुलाच्या बिस्किटांचा चुरा असतो. नाहीतर ब्लाउजमध्ये, जिथे दिवसभर घाम असतो. धूळ आणि घाम, दोन्ही त्या बारीक भोकाचे वैरी. म्हणजे ‘तूच काहीतरी केलं असशील’चं एक उत्तर शिंप्याकडेही आहे. ड्रेसला खिसा मागून घ्या, साडीवाल्यांनी चेनची छोटी कापडी पिशवी शिवून घ्या.

भोक साफ करताना फोन बंद करा. कोरडी लाकडी दातकोरणी घेऊन कडेकडेने, हलक्या हाताने मळ बाहेर ओढा. साडीची पिन, सुई, केसातला आकडा बिलकूल नको, धातूने आतली टोकं एकमेकांना जोडली जातात किंवा वाकतात. नव्या टाइप-सी भोकात मधोमध एक पातळ जीभ असते, तिला धक्का लावू नका. तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा, फुंकरीत वाफ असते.

फोन भिजला असेल तर घाई हा मोठा शत्रू. चार्जरला लावू नका. बंद करा, कोरड्या कापडाने पुसा, भोक खाली करून वारा लागेल अशा ठिकाणी ठेवा, काही तास जाऊ द्या. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय घरोघरी सांगितला जातो. त्याने फोन लवकर वाळत नाही, उलट तांदळाची भुकटी आत शिरते. चुलीजवळ, उन्हात, गरम हवेखालीही नको.

उन्हाळ्यात वेगळंच दुखणं. या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या, त्यांना उष्णता सोसत नाही. फोन फार तापला की आतली यंत्रणाच चार्जिंग थांबवते. विदर्भातल्या मे महिन्यात सर्वेक्षण करत फिरणाऱ्या आशाताईंच्या हातातला फोन दुपारी चार्ज होत नाही, तो बिघडलेला असतोच असं नाही. कव्हर काढून सावलीत ठेवा, निवू द्या, मग लावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. आतल्या आत पाण्याचे थेंब जमतात.

आणि थोडा धीर. बॅटरी पार रिकामी झाली असेल तर चार्जर लावल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहतो. अर्धा तास तसाच ठेवा, मग चालू करायचं बटण दहा-वीस सेकंद दाबून धरा. काही फोनमध्ये आवाज कमी करायचं बटणही सोबत दाबावं लागतं. काही नवे फोन ८० टक्क्यांवर स्वतःहून थांबतात, ती बॅटरी जपण्याची सोय आहे, सेटिंगमध्ये बंद करता येते. चार्जिंगची खूण दिसते पण आकडा पुढे सरकत नाही? बहुधा चार्जर कमी शक्तीचा, किंवा ऑनलाइन बैठक आणि हॉटस्पॉट दोन्ही चालू.

साध्या बटणांच्या फोनची बॅटरी काढता येते, ही केवढी सोय होती! ती काढून तिची आणि फोनची पितळी टोकं कोरड्या कापडाने पुसा. मग बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवून पाहा. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती फुगली आहे, बदला. स्मार्टफोनची पाठ उचललेली दिसली, पडदा कडेने सुटला, तर तिथेही बॅटरीच फुगलेली असते. त्यानंतर एकदाही चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं नाही. तशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती कचऱ्याच्या डब्यातही जाऊ नये. आपल्या वस्तीतला ओला-सुका कचरा कोण हाताने वेगळा करतं? आपल्याच बहिणी ना? ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. चार्जर विकत घेताना बीआयएसची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. आणि रात्री उशीखाली फोन चार्जिंगला लावून झोपू नका, मग तो निरोप कितीही महत्त्वाचा असो.

एवढं करूनही भागलं नाही तर दुकान. दुकानात बाई एकटी गेली, की ‘मॅडम, बोर्ड गेला’ हे वाक्य कितीतरी जणींनी ऐकलं आहे. घाबरू नका. चार्जिंगचं भोक बदलायचं की बॅटरी की आणखी काही, ते विचारा. किंमत आधी ठरवा. काढलेला जुना भाग परत मागा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोनचा पासवर्ड देऊ नका, चार्ज होतो की नाही हे कुलूपबंद पडद्यावरही दिसतं. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले तर फोन उचलून परत या. भोक, केबल किंवा बॅटरी बदलण्यासाठी आतला मजकूर पुसावा लागत नाही.

ज्यांच्या फोनमध्ये धमक्यांचे निरोप, जखमांचे फोटो, रेकॉर्ड केलेलं बोलणं आहे, त्यांच्या बाबतीत कार्यकर्त्यांनी विशेष जपायला हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदी कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन जवळ असला तर काम पुष्कळ सोपं होतं. ‘बिघडलाय, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू’ असं घरच्यांनी म्हटलं, की सावध व्हा. आधी वकील मैत्रिणीला विचारा. जीव असेपर्यंत त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा.

आता नोंदवहीतली ती दुसरी वाक्यं. सॉकेटही ठीक आहे, केबलही ठीक आहे, पण चार्जर कुलपात आहे. फोन भिंतीवर आपटला नाही, नुसता चार्जर तेवढा घेऊन तो कामावर गेला. मारहाणीची खूण नाही, ओरडा नाही, संध्याकाळपर्यंत बाई मुकी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या वाचा. नात्यामुळे वापरण्याचा हक्क असलेल्या साधनांपासून, सोयींपासून बाईला अडवणं त्यात येतं. आमच्या मते चार्जर काढून घेणं त्यात बसतं, आणि अर्जात ते तारखेसह लिहिलं पाहिजे. आपण मात्र हकिगत लिहून घेताना ‘मारलं का? कशाने?’ एवढंच विचारून पुढे जातो. ‘फोन कोणाच्या ताब्यात असतो, चार्ज कुठे करता’ हा प्रश्न आता आपल्या फॉर्ममध्ये हवा.

दुरुस्ती हे बाईचं काम नाही, हे ऐकून आपण काही आजच चिडत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून गावच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कितीजणींना अक्षरओळखही नव्हती. राजस्थानात तिलोनियाला बायका सौर दिवे बांधतात. त्यांच्यापुढे फोनचं भोक साफ करणं काय मोठं!

म्हणून प्रत्येक मंडळाने दोघीजणी निवडाव्यात आणि केंद्रावर एक डबा ठेवावा, असं सुचवतो. डब्यात तिन्ही तऱ्हेच्या केबल: जुन्या चपट्या भोकाची, टाइप-सी आणि जुन्या आयफोनची. एक चांगला चार्जर, भरलेली पॉवर बँक, दातकोरण्या, छोटी विजेरी. आणि एक जाड वही, कारण फोन बंद पडला की सगळे नंबरही जातात. येणाऱ्या प्रत्येकीला तीन नंबर कागदावर लिहून द्या आणि एक तरी पाठ करून घ्या. पॉवर बँक कोणी, कधी नेली याची नोंद ठेवा, नाहीतर ती कुणाच्या तरी मुलाच्या अभ्यासाला जाते! तुमच्याकडे हा डबा सुरू झाला, काही नव्या युक्त्या सापडल्या किंवा दुकानदाराशी खटका उडाला, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.