खिशातील चाकू

दरवर्षी खंडेनवमीला दवाखान्यातील टेबलावर पांढरे कापड अंथरून आम्ही आमची शस्त्रे मांडतो. स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, आर्टरी फोर्सेप्स, टाके काढण्याची कात्री. आणि त्या रांगेच्या अगदी शेवटी, झेंडूच्या पाकळ्यांत अर्धवट बुडालेला, लाल मुठीचा एक लहानसा मिटणारा चाकू. गेली कित्येक वर्षे तो माझ्या खिशात आहे. पूजेला येणाऱ्या तरुण व्यवसायबंधूंचे लक्ष हमखास त्याच्याकडेच जाते. गेल्या वर्षी एकाने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवून विचारले, ''सर, असा घेऊ का?'' काळे कुळकुळीत पाते, त्याची निम्मी धार करवतीसारखी दातेरी, मुठीला बोटे अडकवण्याच्या खाचा आणि शेपटाला मोटारीची काच फोडण्याचे टोक! ''कशाला हवा रे एवढा?'' असे विचारता उत्तर आले, ''इमर्जन्सीला बरा!''

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मला हे उत्तर आठवले. मधुमेह आणि रक्तदाब यांवर लिहिणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. खिशातील चाकूवर कोणी लिहीत नाही. माझे मत थोडक्यात असे, की चाकू निवडताना 'इमर्जन्सी' हा शब्द प्रथम मनातून काढून टाकावा. तो शब्द मनात राहिला तर निवड चुकते, आणि कधी कधी निवडीपेक्षाही मोठे काहीतरी चुकते.

प्रथम, चाकू लागतो कशाला? औषधांच्या खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या कापायला, पाकिटे फोडायला, पेन्सिलीला टोक काढायला, सुतळी तोडायला. निपाणीकडे जाताना रस्त्याकडेला घेतलेला पेरू चिरायला. कोणाच्या घरी व्हिजिटला गेल्यावर आजीबाईंच्या उशाशी ठेवलेली मोसंबी सोलून तिला दोन फोडी खायला लावायला. (हे शेवटचे काम औषधोपचारात धरावे, असे माझे मत आहे.) आपल्या मराठी घरांत पूर्वी राज्य विळीचे होते, सुरीला स्वयंपाकघरात मान उशिरा मिळाला. विळी काही खिशात घालून नेता येत नाही, म्हणून घराबाहेर पडणाऱ्याला चाकू. त्याचे काम तेवढेच आणि तेही कमी नाही.

लहानपणी वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेत मासोळीच्या आकाराचे चाकू मिळत. ते पेरवापेक्षा बोटच अधिक चिरीत. पुढे हिंदी चित्रपटांतील रामपुरी आला आणि खिशातल्या चाकूची अब्रूच गेली. वास्तविक ज्याला जग 'स्विस लष्कराचा चाकू' म्हणून ओळखते, तोसुद्धा लढाईसाठी जन्मला नाही. कार्ल एल्सेनर या कारागिराने स्वित्झर्लंडमधील इबाख येथे १८८४ साली आपला कारखाना काढला आणि १८९१ साली सैनिकांसाठीचे पहिले चाकू पुरवले. त्या चाकूत पाते, टोच्या, डबे उघडण्याचे हत्यार आणि पेचकस एवढेच होते. कारण सैनिकाला दोन गोष्टी करायच्या होत्या : नवी बंदूक खोलून साफ करणे आणि डबाबंद अन्न उघडणे. बेळगावसारख्या लष्करी गावात राहणाऱ्या आपल्याला हे पटायला जड जाऊ नये.

आता निवड कशी करावी? या बाबतीत माझा गुरू सुश्रुत. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात त्याने वीस शस्त्रे सांगितली आणि त्याबरोबर शस्त्राचे आठ दोषही सांगितले. वाकडे, बोथट, तुटके, खरखरीत धारेचे, फार जाड, फार क्षीण, फार लांब आणि फार आखूड. यांपैकी खरखरीत धार हा दोष एकट्या करवतीला माफ आहे, कारण तिला हाड कापायचे असते. आमच्या तरुण मित्राच्या छायाचित्रातील चाकू मी या यादीवर घासून पाहिला. निम्मी धार खरखरीत, पाते जाड, लांबी साडेतीन-चार इंच. तीन दोष तर तिथेच भरले. जाड पात्याने सफरचंद कापले जात नाही, त्याचे दोन तुकडे फाकवले जातात. दातेरी धार दोर तोडायला बरी, पण ती घरी लावता येत नाही.

माझ्या मते मिटलेला चाकू आपल्या तळहाताच्या रुंदीएवढा असावा. स्विस चाकूंत ८४ मिलिमीटरचा जो आकार मिळतो, तो साधारण तेवढाच. ५८ मिलिमीटरचा किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायला छान, पण त्याने मोसंबे सोलायचे म्हणजे धैर्य लागते. पाती दोनाहून अधिक नकोत; पंधरा हत्यारांचा चाकू खिशाला भोक पाडतो आणि वेळेवर हवे ते हत्यार सापडत नाही. पोलाद न गंजणारेच घ्यावे. कार्बन पोलादाची धार गोड असते, हे मी नाकारीत नाही. परंतु आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे त्या पात्यावर एका रात्रीत तांबडे ठिपके उमटतात, आणि लिंबू चिरून तसेच ठेवले तर रात्रीचीही वाट पाहावी लागत नाही. फार कठीण पोलादाचाही हव्यास नको. रॉकवेल मापावर छप्पन्नच्या आसपासचे पोलाद लवकर बोथट होते खरे, पण घरच्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा धार धरते.

खरा वाद आहे तो पात्याच्या लॉकचा. साध्या चाकूत पाठीकडची पोलादी पट्टी पाते ताणून धरते. जोर उलटा पडला तर पाते मिटते. टोकाने भोसकण्यासारखे काही करू गेले, कोरड्या नारळाच्या डोळ्यात टोक घालून फिरवले, की पाते नेमके मुठीवरच्या तर्जनीवर उतरते. तिथे काय असते, हे आपणा वाचकांना सांगायला नको. बोटाच्या मुळाशी, कंडरांच्या त्या अरुंद बोगद्यात, ज्याला हाताचे शल्यविशारद 'झोन दोन' म्हणतात आणि जिथे जोडलेली कंडरा पुन्हा नीट सरकेल याची खात्री भल्याभल्यांना देता येत नाही. कातडीवरची जखम एक सेंटिमीटरची आणि बोट जन्मभराचे ताठ, अशी बोटे मी पाहिली आहेत. म्हणून लॉकचा चाकू सुरक्षित, असे म्हणण्याकडे सर्वांचा कल असतो. पण मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून अडणारे जे लॉक असते, ते सोडवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. उघडताना वाचलेले बोट मिटताना सापडते. त्यातल्या त्यात फ्रान्समधील ओपिनेल चाकूचे गोल फिरणारे कडे मला शहाणपणाचे वाटते. हा चाकू १८९० पासूनचा, कडे मात्र १९५५ साली आले. ते फिरवताना बोटे धारेपासून दूर राहतात. शेतात काम करणाऱ्याने तसा घ्यावा. आपण डॉक्टरांनी बिनलॉकचाच घ्यावा, असे मी मुद्दाम म्हणतो. जे पाते मिटू शकते, याची आठवण हाताला सतत असते, त्या पात्याने माणूस वेडेवाकडे काही करायला जात नाही.

आणि ते वेडेवाकडे काय, हे सांगण्यासाठीच हा लेख.

१९७९ साली मी नव्याने दवाखाना थाटला होता. एका तरुण मंडळाने प्रथमोपचाराचे शिबिर भरवले आणि सर्पदंशावर बोलायला मला बोलावले. विद्यार्थिदशेत जुन्या पुस्तकांतून वाचलेले मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले : वर आवळून बांधा, दंशाच्या खुणांवर स्वच्छ पात्याने छेद घ्या, रक्त वाहू द्या. खिशातला चाकू काढून काडेपेटीच्या ज्योतीवर पाते कसे फिरवायचे, तेही दाखवले. टाळ्या पडल्या.

चार वर्षांनी, भातलावणीच्या दिवसांत, येळ्ळूरच्या वाटेवरच्या एका शेतातून दोघे भाऊ सायकलवरून आले. धाकटा मागच्या कॅरिअरवर, पाऊल धोतराच्या फडक्याने गुंडाळलेले. पेशाने विणकर, घरची थोडी भातशेती. थोरल्याच्या हातात मारलेला साप होता. तो दिवड निघाला, पाण्याच्या कडेने बेडूक धरून खाणारा, बिनविषारी. त्याच्या दातांनी झालेल्या ओरखड्यांना आयोडीन पुरले असते. पण थोरल्याने पावलाच्या वरच्या बाजूला खोल फुली मारली होती आणि अंगठा उचलणारी कंडरा तुटली होती. ''डॉक्टर, तुम्ही शिबिरात दाखवलं तस्संच केलं,'' तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. शाबासकीची अपेक्षा होती.

जखम चिखलाने बिघडली. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत आणि पू आटोक्यात येईपर्यंत कंडरेची टोके आखडून गेली. धनुर्वात टळला, पाय वाचला, पण अंगठा लोंबत राहिला. हातमागाखालच्या पट्ट्या पायांनी दाबायच्या आणि सोडायच्या; सोडताना त्याचा अंगठा अडकू लागला. दोन वर्षांनी त्याने माग सोडला. तो अजून माझ्याकडे येतो, आता मधुमेहासाठी. त्याच्या पायाची तपासणी करणे मला भागच आहे, आणि प्रत्येक वेळी ती फुली दिसते.

या चुकीत मी एकटा नव्हतो, हे नंतर वाचनात आले. त्याने समाधान झाले असे मात्र नाही. १९०४ च्या सुमारास सर लॉडर ब्रंटन, सर जोसेफ फेरर आणि लिओनार्ड रॉजर्स या नामांकित मंडळींनी सर्पदंशावर पोटॅशियम परमँगनेटचा पुरस्कार केला. ब्रंटन यांनी त्यासाठी खिशात मावेल असे एक साधन योजले. लाकडी नळीच्या एका टोकाला छोटे पाते, दुसऱ्या टोकाला परमँगनेटचे खडे. कापा आणि चोळा. हिंदुस्थानात ते पुष्कळ वाटले गेले आणि कैक वर्षे लोकांनी ते विश्वासाने बाळगले. काचपात्रात जे विषाला मारते, ते शरीरात शिरलेल्या विषापर्यंत पोचतच नाही, हे कळायला वेळ गेला. माझा गुरू सुश्रुतही कल्पस्थानात बंध, छेद, चोषण आणि दाह सांगून गेला आहेच. खिशात पाते असले की सापाला उत्तर सापडल्यासारखे वाटते, हे फार जुने आहे.

घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. अशा वेळी घेतलेला छेद थांबत नाही. नाग-मण्यारीच्या दंशात छेद निरुपयोगी आणि वेळ खाणारा. दंशाचा अवयव हलू न देणे, अंगठ्या-जोडवी काढणे, धीर देणे आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तातडीने पोचवणे, एवढेच बाहेरच्या माणसाचे काम. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणे आवश्यक झाले आहे. नोंदीच्या कागदासोबत रुग्णाच्या अंगावर चाकूची फुली आहे का, हेही आपण प्रत्येकाने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

जे सापाचे, तेच इतर गोष्टींचे. चित्रपटातल्या डॉक्टरप्रमाणे खिशातल्या चाकूने कोणाचा गळा छेदून श्वासमार्ग उघडण्याचे स्वप्न कोणी पाहू नये. गळवाला तो लावू नये, टाकाही तोडू नये. एकेकाळी शल्यविशारदांच्या खिशातल्या पेटीत कासवाच्या पाठीच्या किंवा हस्तिदंती मुठीची, मिटणारी पाती असत. लिस्टरनंतर उकळणे आणि वाफवणे आले तेव्हा त्या मुठी टिकल्या नाहीत आणि सांध्यातली घाण निघेना. म्हणून ती गेली. माझ्या चाकूचा सांधा सुईने कोरून पाहिला तर त्यात मोसंब्याचा रस, खिशातला धागा आणि तंबाखूची पूड निघते. तंबाखू माझी नव्हे. निपाणीच्या एका मित्राने उसना नेला होता.

कायद्याचे थोडे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते. घरगुती आणि शेतीची अवजारे सोडून. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. तरीही जमावबंदीच्या काळात तो घरी ठेवावा. आपल्या सीमाभागात १ नोव्हेंबरला बाहेर पडणाऱ्याने तर नक्कीच. सांबऱ्याहून विमानाने जाताना तो हातातल्या पिशवीत नको, तपासून आत टाकायच्या सामानात घालावा. मुलाने दिलेला माझा पहिला चांगला चाकू मी अशाच विसरभोळेपणाने एका विमानतळावर सोडून आलो आहे.

धारेची कसोटी सुश्रुताने केस कापण्याची सांगितली आहे. इतके नको; वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून सरळ कापला गेला की पुरे. धार लावण्यासाठी त्याने उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड सांगितला. तसा एक दगड माझ्या दवाखान्यात खिडकीपाशी असतो. दुपारी एक ते चार रुग्ण नसतात. ज्या सभासदांचे चाकू बोथट झाले असतील त्यांनी घेऊन यावे. आमच्या त्या तरुण मित्राचा काळा चाकू आला तर त्याच्या सरळ निम्म्या धारेपुरते पाहून देईन.