उरलेली भाजी आणि लोणच्याची बरणी



आठवडी बाजारातून आणलेली भाजी चार दिवस पुरते. मग टोपलीत काय उरते? दोन गाजरे, अर्धा मुळा, मूठभर मटार आणि चार मिरच्या. फ्लॉवरचे दांडे तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेले असतात. एवढ्याशाची भाजी घरातल्या सर्वांना पुरत नाही. म्हणून ती तशीच सुकते आणि शेवटी फेकली जाते. घामाच्या पैशाची भाजी अशी उकिरड्यावर जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अहवाल प्रसिद्ध केला. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असे त्यात म्हटले आहे. त्यातला ६० टक्के वाटा घराघरांतला होता. म्हणजे दोष फक्त हॉटेलांचा आणि पंगतींचा नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे मिश्र भाज्यांचे लोणचे. भाज्या स्वच्छ धुऊन फडक्यावर पसराव्यात व पूर्ण कोरड्या कराव्यात. फ्लॉवरचे दांडे सोलून घ्यावेत. सर्वांच्या लहान फोडी कराव्यात. अर्धा किलो फोडींना ५० ग्रॅम मीठ, एक चमचा हळद, दोन मोठे चमचे मोहरीची डाळ, दोन मोठे चमचे तिखट आणि पाच-सहा लिंबांचा रस लावावा. अर्धी वाटी तेलाची हिंग-मोहरी घालून फोडणी करावी. ती पूर्ण थंड झाल्यावरच ओतावी. कोरड्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरून दोन दिवस अधूनमधून हलवावे. तिसऱ्या दिवशी लोणचे तयार! थंडीत आठवडाभर टिकते, फ्रीज असल्यास तीन आठवडे.

भाजी कच्ची आणि ताजी असतानाच लोणचे घालावे. सडका भाग मसाल्याखाली लपवू नये. रात्रीची उरलेली शिजलेली भाजी यात चालत नाही.

लोणचे टिकते कशाने? मीठ भाजीतले पाणी ओढून घेते व कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही. लिंबाचा आंबटपणा त्याला साथ देतो. तेल वरची हवा अडवते, पण ते मिठाची आणि आंबटाची जागा घेऊ शकत नाही. ओला चमचा गेला, मीठ कमी पडले की बुरशी येते. बुरशी दिसली तर वरचा थर काढून भागत नाही, सगळेच टाकावे लागते.

हे कारण नीट समजून घेतले पाहिजे. कारण आजही कित्येक घरांत पाळी आलेल्या मुलीला लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत. तिची सावली पडली तरी लोणचे नासते म्हणतात. सावलीने पाणी शिरत नाही आणि मीठही कमी होत नाही. विटाळाच्या कल्पनेने आपल्या माणसांना पाणवठ्यावरून हाकलले होते. तीच कल्पना आपण आपल्या स्वयंपाकघरात पोटच्या मुलीविरुद्ध कशी पाळायची? हात स्वच्छ आणि कोरडे हवेत, एवढाच नियम. तो मुलीला आहे, तसाच मुलालाही आहे.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत बाई सर्वांच्या शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली असते आणि तिच्या वाट्याला भाकरी व लोणचे उरते. लोणचे हे तोंडी लावणे आहे, भाजी नव्हे. शिवाय त्यात मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाब असणाऱ्यांनी तर फोड मोजूनच घ्यावी.

तेव्हा या आठवड्यात टोपलीच्या तळाशी काय उरले आहे ते पाहा. लोणचे घालायला मुलींना आणि मुलांना, दोघांनाही जवळ बसवा. आणि भाजीचा वाटा आईसाठी आधी काढून ठेवा.